बुजुर्ग गळे आणि पाच तारे

२००१ सालच्या शेवटी मिक जॅगरचा 'गॉडेस इन द डोअरवे' नावाचा सोलो अल्बम बाजारात आला. 'रोलिंग स्टोन' नियतकालिकाने त्याला पाचपैकी पाच तारे दिले. पाच तारे म्हणजे थेट अभिजात, म्हणजे बीटल्सच्या पंगतीला पान मांडलं म्हणा ना! आज हा अल्बम कुणाच्या प्लेलिस्टमध्ये सापडला तर मला जरूर कळवा. खुद्द रोलिंग स्टोन्समधला जॅगरचा जोडीदार कीथ रिचर्ड्स त्या नावाची न छापण्याजोगी टिंगल करत फिरत होता.

आता गंमत बघा. हा रिव्ह्यू लिहिला होता यान वेनरने, म्हणजे मासिकाच्या संस्थापक-संपादक-मालकाने. वेनर आणि जॅगर जुने दोस्त. १९६९ मध्ये या मासिकाची ब्रिटिश आवृत्ती निघाली होती ती जॅगरच्याच पैशाच्या पाठबळावर. (ती फार दिवस चालली नाही, पण दोस्ती चालली.) म्हणजे मालकाने आपल्या जुन्या भागीदाराच्या मालाला स्वतःच्या मासिकात स्वतःच्या सहीने पैकीच्या पैकी मार्क दिले. आपल्याकडे कुणी असं केलं तर निदान लाजेखातर दुसऱ्याच्या नावाने तरी छापलं असतं!

तर मंडळी, आजचा विषय हाच. साठी-सत्तरीच्या गायकांबद्दल, बँडबद्दल जे परीक्षण छापून येतं त्यावर विश्वास ठेवावा का? आणि ठेवायचा तर कितपत?

सॉफ्टवेअरवाल्यांना हा रोग समजायला सोपा आहे. टीममध्ये नवीन आलेल्या पोराने वीस ओळींचा कोड रिव्ह्यूला टाकला की त्यावर तीस कमेंट येतात. व्हेरिएबलचं नाव चुकलं, स्पेस जास्त पडली, टेस्ट कुठाय, वगैरे. आणि वीस वर्षं जुन्या आर्किटेक्टने आठशे ओळी टाकल्या की दहा मिनिटांत 'लुक्स गुड'. कोणी लाच घेतलेली नसते, कोणी घाबरलेलं असतंच असंही नाही. 'त्यांनी केलंय म्हणजे विचार करूनच केलं असेल' एवढंच.

'रोलिंग स्टोन'चा जुना हिशोब काढला तर अगदी हेच दिसतं. १९६९ मध्ये लेड झेपलिनचा पहिला अल्बम आला तेव्हा याच मासिकात जॉन मेंडेलसनने त्याची सालं काढली होती. पोरं तेव्हा नवीन होती ना! १९७० मध्ये बॉब डिलनच्या 'सेल्फ पोर्ट्रेट'वर ग्रील मार्कसने लिहिलेल्या रिव्ह्यूची सुरुवातच एका शिवीने होते. तेव्हा डिलन होता एकोणतीस वर्षांचा. मासिक तरुण, लिहिणारे तरुण, गाणारेही तरुण. मग सगळ्यांचीच वयं वाढली, आणि २०१४ मध्ये यूटूचा 'साँग्ज ऑफ इनोसन्स' त्या मासिकाने वर्षातला पहिल्या क्रमांकाचा अल्बम ठरवला. हा तोच अल्बम, जो ॲपलने न विचारता आयट्यून्सच्या कोट्यवधी खात्यांत ढकलला होता आणि जो काढून कसा टाकायचा हे लोक एकमेकांना विचारत होते.

या बुजुर्ग-परीक्षणांचं एक ठरलेलं वाक्यही आहे: 'अमुक अल्बमनंतरचा यांचा हा सर्वोत्तम'. रोलिंग स्टोन्सच्या बाबतीत हा 'अमुक' म्हणजे बहुतेक वेळा १९७८ चा 'सम गर्ल्स' किंवा १९८१ चा 'टॅटू यू'. आता दर नवा अल्बम जर १९८१ नंतरचा सर्वोत्तम असेल, तर बँड चाळीस वर्षं चढत्या भाजणीने सुधारतोय असं गणित निघतं. प्रत्यक्षात वाक्याचा अर्थ एवढाच, की मधले अल्बम लिहिणारा विसरलाय.

पण उलटं टोक गाठून 'सगळे विकले गेलेत' म्हणणंही मला आळशीपणाचं वाटतं. डेव्हिड बोवीचा 'ब्लॅकस्टार' ८ जानेवारी २०१६ ला आला आणि १० तारखेला बोवी गेला. त्याचा आजार बाहेर फारसा कुणाला ठाऊक नव्हता. म्हणजे रिलीजच्या आधी आणि त्या दिवशी जे रिव्ह्यू छापून आले ते 'शेवटचा अल्बम' हे माहीत नसताना लिहिलेले होते. टेस्टिंगवाल्यांना असा डेटा स्वप्नातसुद्धा मिळत नाही! आणि त्यातले बरेच रिव्ह्यू उत्तम होते. म्हणजे उतारवयात अस्सल काम होतं, आणि ते सहानुभूतीची कुबडी न घेताही ओळखता येतं.

आता तुम्ही म्हणाल, की भंडारा जिल्ह्यातल्या धानाच्या बांधावर वाढलेल्या पोराला जॅगर-बोवीची एवढी काळजी कशाला? खरं आहे. मला हा प्रश्न पडला तो त्यांच्यामुळे नाहीच. पडला तो बालगंधर्वांमुळे. आमच्या झाडीपट्टीत (हे काय ते पुढे सांगतो) नाटकाचं वेड आहे, आणि नाटकात गाणं म्हणजे काय हे ठरवताना थोरल्यांच्या तोंडी शेवटचा दाखला हाच. गदिमांनी त्यांच्यावर लिहिलेल्या ओळी तर शाळकरी पोरांनाही ऐकून पाठ असतात. 'असा पुन्हा होणे नाही' हा निकाल आधी कानावर पडतो, गाणं नंतर. मग माणूस ऐकणार तरी काय, कप्पाळ?

जरा तारखा लावून बघूया. नारायण श्रीपाद राजहंस, जन्म १८८८. गंधर्व नाटक मंडळी १९१३ ची. ८ जुलै १९२१ ला मुंबईत केशवराव भोसल्यांबरोबर 'मानापमान'चा संयुक्त प्रयोग झाला, टिळक स्वराज्य फंडासाठी. हा त्या सगळ्या काळाचा कळस. १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' आला, मराठी पडदा बोलू लागला आणि नाटक कंपन्यांच्या पोटात गोळा आला. तोवर बालगंधर्व चव्वेचाळीस वर्षांचे होते आणि नायिकेच्याच भूमिका करत होते. पुढे पन्नाशी उलटल्यावरही करत राहिले. कंपनीवर कर्ज होतं, आणि दुसरं येत काय होतं त्यांना? (हा प्रश्न कुत्सितपणे विचारलेला नाही.)

नेमक्या याच काळात मराठीत गायकांचं परीक्षण ही गोष्ट खऱ्या अर्थाने सुरू होत होती, आणि त्यात पहिलं नाव केशवराव भोळ्यांचं. माणूस मूळचा अमरावतीचा, म्हणजे आमच्या विदर्भातला. डॉक्टर व्हायला निघाला आणि गाण्यात शिरला. 'वसुंधरा' साप्ताहिकात त्यांनी टोपणनावाने त्या काळच्या नामांकित गायक-गायिकांवर लेख लिहिले, पुढे 'आजचे प्रसिद्ध गायक' हे त्यांचं पुस्तक निघालं. गवयाच्या गाण्याबद्दल 'बहार आली, श्रोते डोलू लागले' एवढंच लिहायची पद्धत होती, तिथे हा माणूस आवाज कसा लावला, ताना कुठून उचलल्या, शब्दांचं काय केलं, असं उकलून लिहीत होता.

टोपणनाव का, हे सांगायला नको. लिहिणारा त्याच गल्लीत राहत होता. १ जुलै १९३३ ला नाट्यमन्वंतरचं 'आंधळ्यांची शाळा' रंगमंचावर आलं. पदांची गर्दी नाही, स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केलेल्या. संगीत केशवराव भोळ्यांचं, आणि काम करणाऱ्यांत त्यांच्या पत्नी ज्योत्स्नाबाई. म्हणजे बालगंधर्व ज्या पद्धतीचे शेवटचे सम्राट, ती पद्धत संपली असं जाहीर करणाऱ्या नाटकाचा हा संगीतकार. पुढे भोळे प्रभातमध्ये गेले. आणि १९३५ मध्ये प्रभातने बालगंधर्वांनाच घेऊन 'धर्मात्मा' काढला! शांतारामबापूंचं दिग्दर्शन, बालगंधर्व संत एकनाथांच्या, म्हणजे पुरुषाच्या भूमिकेत. लोकांनी काही तो डोक्यावर घेतला नाही, आणि प्रभातशी त्यांचं पुढे जमलं नाही. १९३७ मध्ये बाबूराव पेंटरांच्या 'साध्वी मीराबाई'त ते पुन्हा साडी नेसून उभे राहिले. कॅमेऱ्याला मात्र थिएटरच्या पंधराव्या रांगेतून बघता येत नाही, तो दोन हातांवरून बघतो. तोही पडला.

आता विचार करा, या काळात बालगंधर्वांच्या प्रयोगावर लिहिणाऱ्या कुणावर विश्वास ठेवाल? एकीकडे भक्त. त्यांनी वयाच्या विसाव्या वर्षी 'भामिनी' पाहिलेली, आणि तीच भामिनी ते पुढे जन्मभर बघत राहिले. समोर पन्नाशीचे, अंगाने सुटलेले गृहस्थ उभे आहेत हे त्यांच्या डोळ्यांना दिसतच नव्हतं. दुसरीकडे सुधारक. त्यांचा नव्या नाटकात जीव, काहींचा पैसाही. त्यांना ते गृहस्थच दिसायचे, आवाज ऐकू यायचा नाही. दोघांपैकी कुणीही खोटं बोलत नव्हतं. पण त्या रात्री त्या थिएटरात गळा कसा लागला होता, हे विचारलं तर दोघांच्याही लिहिण्यातून उत्तर मिळणं कठीण.

आणि तरीही भोळ्यांचं लिहिणं मला आज उपयोगी पडतं, अगदी पक्षपाताचा संशय धरूनसुद्धा. कारण त्यांनी निकालाबरोबर वर्णन दिलंय. 'आवाज असा लावतात, मग असं होतं' असं वाक्य मी रेकॉर्ड लावून तपासू शकतो. 'स्वर्गीय आनंद दिला' हे वाक्य तपासणार कसं? ते बरोबरही नसतं आणि चूकही नसतं, निव्वळ प्रिंट स्टेटमेंट असतं.

रेकॉर्ड लावून तपासू म्हटलं खरं, पण त्यातही मेख आहे, आणि ती इंजिनियर मंडळींना आवडेल. आज यूट्यूबवर बालगंधर्वांच्या वेगवेगळ्या वयांतल्या ध्वनिमुद्रिका ऐकायला मिळतात. वाटतं, ओळीने लावू आणि आवाज कधी उतरला ते ठरवू. तर पहिली गोष्ट, त्या तबकड्यांवर तीन-सव्वातीन मिनिटं मावायची. रंगमंचावर वन्समोर घेत घेत जे पद पाऊण तास रंगायचं त्याचा तो झिप केलेला नमुना. दुसरी, साधारण १९२५ च्या आधी विजेचा मायक्रोफोनच नव्हता. गायक कर्ण्यात तोंड घालून ओरडल्यासारखं गायचा. त्यामुळे तरुणपणचा आवाज पातळ आणि प्रौढपणचा भरदार वाटला तर श्रेय गळ्याचं की मायक्रोफोनचं? तिसरी, ७८ म्हणतात खऱ्या, पण सगळ्या तबकड्या अगदी त्याच वेगाने मुद्रित झालेल्या नसत. वेग जरा वाढला की पट्टी चढते. कुणीतरी घरच्या टर्नटेबलवर लावून अपलोड केलेली क्लिप ऐकून 'तेव्हा काळी चारमध्ये गात होते' असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार.

म्हणजे छापील शब्द वाकडा आणि यंत्रही वाकडं. तरी दोन वाकड्या पट्ट्या वेगवेगळ्या बाजूंना वाकलेल्या असल्या तर काहीतरी माप निघतंच. लय कुठे धरली, शब्द कुठे सोडला, हे टर्नटेबलच्या वेगाने बदलत नाही. त्या दृष्टीने ऐकलं तर मला (कान माझा, जबाबदारी माझी) प्रौढपणच्या मुद्रणांतही लयीचा तो लाडिक, आता-पडेल-आता-पडेल असा तोल शाबूत ऐकू येतो. म्हणजे भक्त अगदीच वेडे नव्हते. फक्त ते ज्या कारणासाठी वाहवा करत होते ते कारण बहुधा दुसरंच होतं.

पुणेकर वाचकांना जवळचं उदाहरण देतो. भीमसेन जोशी सवाई गंधर्व महोत्सवात शेवटचे गायले २००७ च्या डिसेंबरमध्ये. वय पंच्याऐंशी, मध्ये काही वर्षं गाणं थांबलेलं. त्या दिवशीचा रिव्ह्यू लिहायला मला सांगितलं असतं तर मी काय लिहिलं असतं? 'श्वास पुरत नव्हता' असं? ते खरं असेलही, पण ते ऐकायला मंडपात कोण बसलं होतं? १९५३ पासून ज्यांनी हा उत्सव उभा केला त्यांना लोक बघायला आले होते. तिथे ऐकणं हा एक विधी असतो, आणि विधीचं परीक्षण करत नाहीत. माझं म्हणणं एवढंच, की मग त्याला परीक्षण म्हणू नका. वृत्तांत म्हणा, नमस्कार म्हणा. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात तो 'सूर तसाच टवटवीत' या शब्दांत आला की पन्नास वर्षांनी वाचणारा फसतो.

शिवाय असं केल्याने खरोखर म्हातारपणी फुललेल्यांचं नुकसान होतं. मल्लिकार्जुन मन्सूर घ्या. ऐन तारुण्यात रेकॉर्ड निघाल्या, पण देशभर डंका वाजला तो साठीच्या आसपास. १९७० ला पद्मश्री, १९७६ ला पद्मभूषण, १९९२ ला पद्मविभूषण आणि त्याच वर्षी निधन. त्यांच्या सत्तरीतल्या मैफलींची मुद्रणं ऐका, आवाजात वय आहे आणि गाण्यात नाही. पण 'वय विसरायला लावणारं गाणं' हे वाक्य सरसकट सगळ्यांवर उधळून झालं असेल, तर जिथे ते अक्षरशः खरं आहे तिथे लिहायला काय उरलं?

आता आमची झाडीपट्टी. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर हा धानाचा आणि जंगलाचा पट्टा. दिवाळीत धान निघालं की गावोगाव मंडई भरते, पाहुणे येतात आणि रात्री नाटक, दंडार किंवा खडी गंमत. नाटक रात्री दहाला सुरू होतं ते पहाटेपर्यंत. गाणी प्रत्यक्ष, वादक रंगमंचासमोर. वडसा इथे कंपन्यांची ऑफिसं आहेत, गावातलं मंडळ तिथे जाऊन पुढच्या मोसमाचं नाटक ठरवतं. मुंबई-पुण्याला संगीत नाटकाचा श्राद्धपक्ष चालू असताना इथे लोक घोंगडी पांघरून रात्रभर पदं ऐकत होते. हे मी अभिमानाने सांगतोय हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

आणि इथे परीक्षण नावाची गोष्ट जवळपास नाही! पेपरात बातमी येते, 'अमुक गावी नाटक, उद्घाटक तमुक'. बस्स. निकाल दुसरीकडे लागतो. मंडळाने कंपनीला ठरावीक रक्कम दिलेली असते, ती तिकिटातून काढायची असते. नट-गायक बसला तर पुढच्या वर्षी बोलवायचा की नाही, हा प्रश्न मंडळाच्या खिशाला विचारला जातो. माझे आजोबा एका नामांकित गायक नटाबद्दल म्हणाले होते, "मानूस मोठा, पन आता आवाज गेला ना बाप्पा." आदर पूर्ण, निकाल स्पष्ट. त्या वर्षी दुसरी पार्टी आली.

खडी गंमतीत तर याहून कडक पद्धत. 'दुय्यम' असतो, म्हणजे दोन शाहिरांच्या पार्ट्या एकाच ठिकाणी समोरासमोर. एकाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने जवाब द्यायचा. इथे म्हाताऱ्या शाहिराची तुलना त्याच्या तरुणपणाशी होत नाही, समोर उभ्या असलेल्या जिवंत माणसाशी होते, त्याच रात्री, त्याच श्रोत्यांसमोर. 'अमुक सालानंतरचा सर्वोत्तम' म्हणायला जागाच नाही. वेनरसाहेबांना एकदा मंडईला आणायला हवं होतं!

पण थांबा, आमच्याकडे सगळं आलबेल आहे असंही नाही. बुकिंगचा निकाल प्रामाणिक असतो हे अर्धसत्य आहे. छापील पत्रिकेवर मोठं नाव, टीव्हीवरचा चेहरा दिसला की तिकिटं आधीच खपतात, मग तो रात्रभरात वीस मिनिटं उभा राहिला तरी चालतो. म्हणजे इथेही पाच तारे मिळतातच, फक्त ते पत्रिकेवर आधीच छापलेले असतात. आणि याहून मोठी अडचण अशी, की खिशाने दिलेला निकाल लिहून ठेवला जात नाही. 'यंदा नको' एवढंच उरतं. का नको, काय कमी पडलं, आणि वीस वर्षांपूर्वी काय होतं ज्याच्यासाठी लोक बैलबंडी जुंपून यायचे, ते सांगणारी माणसं गेली की गेलं.

भोळ्यांना पक्षपाती म्हणा, भक्तांना आंधळे म्हणा, पण त्यांच्यामुळे बालगंधर्वांबद्दल आज भांडता तरी येतं. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, गडचिरोली जिल्ह्यातले. आमच्या चारही जिल्ह्यांत पेढे वाटावेत अशी बातमी. पेपरांनी छापलं की त्यांनी पाच हजारांहून जास्त प्रयोग केले, शेकडो भूमिका केल्या. छापून आलेले ते सगळे आकडेच होते. त्या पाच हजारांपैकी एखाद्या रात्री, एखाद्या गावी, पहाटे तीनच्या थंडीत त्यांनी एखादं वाक्य कसं टाकलं होतं, यावर चार ओळी लिहिणारा कुणी तिथे बसला असता तर मी त्याचे पाच तारेसुद्धा डोळे मिटून मान्य केले असते.